मिरवणुकीनंतरचा खेळाडू

चांदवड म्हटले की परगावच्या माणसाला मुंबई-आग्रा रस्ता, रेणुकामातेचे मंदिर आणि अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आठवतो. आम्हा तालुक्यातल्या माणसांना आठवतो तो कांदा, आणि उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर. पावसाने पाठ फिरवली की येथल्या विहिरी कोरड्या पडतात आणि त्या आणखी खोल करण्यासाठी मजूर दोराने खाली उतरतात. अशाच विहिरींवर वडिलांबरोबर घाम गाळलेला तळेगाव रोहीचा दत्तू बबन भोकनळ वल्हे मारीत ऑलिंपिकपर्यंत गेला, ही गोष्ट वाचकांच्या कानावर आहेच. त्या वेळी वर्तमानपत्रांनी ती भरभरून छापली. पुढच्या वर्षांत त्याचे काय झाले, हे मात्र फार थोड्या घरांत पोचले. आजच्या लेखात आम्ही तीच पुढची गोष्ट सांगणार आहोत. खेळाडू वर कसा चढला हे सगळेच विचारतात. वर गेल्यावर तो कशाच्या आधाराने टिकतो, हे विचारणारा क्वचित भेटतो.

आधीची हकीकत थोडक्यात सांगतो. दत्तूचा जन्म १९९१ चा. वडील विहिरी खोदण्याच्या आणि दगड फोडण्याच्या कामावर जात. २०११ साली वडील वारले आणि घराचा भार थोरल्या मुलावर आला. विहिरीचे काम, पेट्रोल पंपावरची नोकरी, मिळेल ते त्याने केले. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला आणि पुण्याच्या खडकी येथील बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आला. त्याची उंची आणि हाडापेराने मजबूत शरीर तेथील प्रशिक्षकांच्या नजरेत भरले. त्यांनी त्याला नौकानयनाकडे वळविले. ज्याने जन्मभर पाणी विहिरीच्या तळाशी पाहिले, त्याला अथांग पाण्याची सुरुवातीला भीतीच वाटली. पण दापोडीच्या लष्करी केंद्रात, कुदरत अली या प्रशिक्षकांच्या हाताखाली तो शिकला. २०१५ साली बीजिंगला झालेल्या आशियाई नौकानयन स्पर्धेत त्याने एकेरीत रौप्यपदक मिळविले. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे त्याने ऑलिंपिकची पात्रता मिळविली.

रिओ ऑलिंपिकला भारतातर्फे गेलेला तो एकटाच नौकापटू होता. याच ऑलिंपिकमध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत मॅरेथॉन धावली. एका दुष्काळी आणि डोंगराळ जिल्ह्याने एकाच वेळी दोन खेळाडू ऑलिंपिकला पाठवावेत, ही लहान बाब नव्हे. दत्तू निघाला तेव्हा घरात संकट होते. अपघातात आईच्या डोक्याला गंभीर मार लागला होता आणि लेक कोठे निघाला आहे, हे समजण्याच्या स्थितीत ती माउली नव्हती. पुढे तीही गेली. त्या मनःस्थितीत त्याने शर्यत केली आणि जगात १३ वा आला. एकेरीत तोपर्यंत कोणाही भारतीयाला ऑलिंपिकमध्ये इतका वरचा क्रमांक मिळालेला नव्हता.

हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही, म्हणून दोन शब्द सांगणे जरूर आहे. शर्यत २००० मीटरची असते. एकेरीची नाव म्हणजे जेमतेम १४ किलो वजनाची, लांबलचक आणि सुरीसारखी अरुंद. तीत बसणारा माणूस दोन्ही हातांनी दोन वल्ही ओढतो, आणि त्याची पाठ शेवटच्या रेषेकडे असते. म्हणजे मागे पडलेले अंतर त्याला दिसते, पुढचे दिसत नाही. सात मिनिटांच्या आसपास पाय, कंबर, पाठ आणि फुप्फुसे यांची जी कसोटी लागते, ती सोसायला शरीर पिकावे लागते. या खेळात माणूस उशिरा पिकतो. रिओत एकेरीचे सुवर्णपदक जिंकणारा न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल त्या दिवशी ३७ वर्षांचा होता. त्याची वेळ ६ मिनिटे ४१.३४ सेकंद. दत्तू त्या वेळी २५ वर्षांचा, वल्हे हातात धरून त्याला उणीपुरी तीन-चार वर्षे झालेली. तेराव्या क्रमांकासाठीच्या त्याच्या शेवटच्या शर्यतीची वेळ ६ मिनिटे ५४.९६ सेकंद. दोघांत १४ सेकंदांचेही अंतर नव्हते. यावरून वाचकांनी एक हिशेब मनात ठेवावा: दत्तूची खरी उमेदीची वर्षे रिओच्या नंतर यायची होती.

ती आली, पण सरळ आली नाहीत.

२०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील नौकानयन इंडोनेशियातील पालेंबांग येथे झाले. २३ ऑगस्टला एकेरीची अंतिम फेरी होती. सगळ्यांची नजर दत्तूवर होती आणि तो शेवटचा, सहावा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, तो पुन्हा पाण्यात उतरला. या वेळी नावेत चौघे होते: सवर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू. चौघांची आठ वल्ही एका तालात पडली आणि ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत भारताला सुवर्णपदक मिळाले. यजमान इंडोनेशिया तीन सेकंदांहून अधिक मागे राहिले. आशियाई स्पर्धांच्या इतिहासात नौकानयनातील भारताचे हे दुसरेच सुवर्ण. पहिले २०१० साली बजरंगलाल ताखर याने एकेरीत मिळविले होते.

आम्हाला या दोन दिवसांचे मोल फार वाटते. आदल्या दिवशी एकटा हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी इतरांच्या तालावर वल्हे मारायला बसतो, हे सोपे नाही. एकेरीच्या नावेत आपणच राजा असतो. चौघांच्या नावेत आपला जोर कितीही असला, तरी तो एका क्षणाने पुढे पडला की नाव डगमगते. तेथे आपले बळ दुसऱ्याच्या बळात मिसळावे लागते. अनुभवी खेळाडूची पुढची वर्षे बहुतेक वेळा अशीच असतात. कबड्डीतला जुना खेळाडू चढाया कमी करतो आणि कोपरा सांभाळतो. फुटबॉलमधला जुना खेळाडू मागे थांबून पोरांना ओरडून जागा दाखवतो. त्याचे नाव छापून येत नाही, पण संघ त्याच्यावर उभा असतो.

यानंतर मार्च २०१९ मध्ये वाईट बातमी आली. पालेंबांगच्या एकेरीच्या शर्यतीत तो मध्येच थांबला, असा ठपका ठेवून भारतीय नौकानयन महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. तब्येत बरी नव्हती, असे दत्तूचे म्हणणे होते. या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. जानेवारी २०२० मध्ये महासंघानेच बंदी उठविली, म्हणजे सुमारे दहा महिने तो स्पर्धेबाहेर राहिला. ऐकायला दहा महिने थोडे वाटतात. पण टोकियो ऑलिंपिकची पात्रता ठरविणारी जागतिक स्पर्धा २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियात झाली, ती याच दहा महिन्यांत. बंदी उठली आणि लागलीच करोनाची साथ आली. २०२१ मध्ये टोकियोला भारताची जी एकमेव नाव गेली, तीत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग हे दोघे होते. त्यांनी ११ वा क्रमांक मिळवून देशाचे नाव राखले. २८ ते ३० ही नौकापटूच्या पिकण्याची वर्षे, आणि नेमकी तीच दत्तूच्या हातून निसटली.

मधल्या काळात, २०२० साली, त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. एकाच वर्षात बंदी उठणे आणि अर्जुन मिळणे, असे त्याच्या वाट्याला आले. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांच्या नावेने कांस्यपदक मिळविले. त्या नावेत पालेंबांगच्या चौघांपैकी एकटा सुखमीत सिंग होता, बाकीचे तिघे नवे. नाव तीच राहते, वल्ही मारणारे बदलतात.

आता वाचकहो, थोडे मागे जाऊ. खेळाडूच्या उत्तरार्धाकडे आपण कसे पाहतो, हा प्रश्न दत्तूच्या आधीही आपल्या महाराष्ट्रात आला आहे आणि तो आपल्या वाचकांना अधिक जवळचा आहे.

पळवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मलेले डावखुरे गोलंदाज. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात मैदान झाडण्या-लोटण्याच्या कामावर महिना ३ रुपयांनी लागले, पुढे गोऱ्यांच्या क्लबात ४ रुपये मिळाले. नेटमध्ये गोऱ्या साहेबांना चेंडू टाकता टाकता ते देशातले नामांकित गोलंदाज झाले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. बाकीचे अनेक जण तेथे निष्प्रभ ठरले. बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले.

एवढ्या कर्तबगारीनंतर अनुभवाला शोभेल असा मान म्हणजे कर्णधारपद. ते त्यांना कधी मिळाले नाही. मागून एम. डी. पै यांना मिळाले, आणि हा मान बाळूंचा होता असे खुद्द पै यांनी सांगितले. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निषेध करून आपणही खेळणार नाही असे सांगितले. गवगवा झाला, बाळूंना परत बोलावणे आले आणि उपकर्णधारपद दिले गेले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. थोरल्याचा उत्तरार्ध धाकट्याच्या पूर्वार्धाला उपयोगी पडला, तो असा. भावांनी त्या दिवशी पाय मागे घेतले असते, तर ते दार आणखी कितीतरी वर्षे बंद राहिले असते.

बाळूंची पुढची वर्षे राजकारणात गेली. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. आपल्या समाजात बाळूंचे नाव मागे पडले, त्याचे एक कारण हेही असावे. बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहणे आम्हालाही पटणारे नाही. पण एका निवडणुकीच्या आकड्याखाली ११४ बळींचा आकडा पुरावा, हेही न्यायाचे नव्हे. ज्या काळात आपल्या माणसाला पाणी ओंजळीत वरून ओततात, त्या काळात त्या हातातून सुटलेला चेंडू गोऱ्यांना खेळता आला नाही. हे आपल्या मुलांना आपण सांगितले पाहिजे.

खाशाबा जाधवांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर १९५५ मध्ये ते पोलिसात उपनिरीक्षक झाले, अनेक वर्षे सेवा केली. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो मरणोत्तर, २००० सालचा. हार घालायला गळा उरला नाही तेव्हा हार आला.

या तिन्ही आयुष्यांतून आम्हाला दिसते ते हे. खेळाडूचा पूर्वार्ध त्याच्या अंगातल्या बळावर उभा राहतो. उत्तरार्ध मात्र त्याच्या भोवतालच्या माणसांवर आणि हातातल्या नोकरीवर उभा असतो. दत्तूला सैन्याची नोकरी नसती, तर रिओ नव्हते आणि पालेंबांगही नव्हते. बंदीच्या काळात घरची चूलही विझली असती. बाळूंना रेल्वेची नोकरी होती, खाशाबांना पोलिसाची. खेळाडूला लोक टाळ्या देतात. भाकरी नोकरी देते.

म्हणून चांदवड-मनमाड रस्त्यावर पहाटे अंधारात जी मुले भरतीसाठी धावतात, त्यांच्या आईबापांसाठी काही गोष्टी स्पष्ट लिहितो.

दत्तू २०१२ साली सैन्यात गेला तेव्हा ती कायम नोकरी होती. पुढे चार वर्षांनी तो ऑलिंपिकला पोचला. २०२२ साली अग्निपथ योजना आली. तीत शिपायाची भरती चार वर्षांसाठी ठरली आणि त्यातील २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम करण्याचे ठरले. म्हणजे ज्या चार वर्षांत दत्तू घडला, त्या चार वर्षांनंतर आजच्या चारांपैकी तिघांना घरी परतण्याची तयारी ठेवावी लागते. आधीच मोठ्या स्पर्धेत नाव काढलेल्या खेळाडूंना सैन्यात हवालदार किंवा नायब सुभेदार म्हणून थेट घेण्याची वेगळी वाट आहे. पण दत्तूसारखा, भरती झाल्यावर ज्याला खेळ सापडला, त्याच्यासाठी वेळ तोकडा झाला आहे. तेव्हा मुलगा दौडीत पुढे आहे म्हणून शाळा-कॉलेज सोडू देऊ नका. बारावीनंतरची पदवी हातात असली, तर शारीरिक शिक्षणाचा बी.पी.एड. किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम, या वाटा तिशीनंतर उघड्या राहतात.

दुसरे, महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी स्पर्धेचे प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावे लागते. अनेक घरांत ही प्रमाणपत्रे कपाटाच्या तळाशी, उंदराच्या तोंडी पडलेली असतात. आयाबहिणींनो, दागिन्यांची पेटी जशी सांभाळता, तशी ही कागदे सांभाळा. प्रत्येक स्पर्धेचे वर्ष, ठिकाण आणि क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. मुलीची वही मुलाच्या वहीइतकीच जपा.

तिसरे, केंद्र सरकार गुणवंत खेळाडूंना निवृत्तिवेतन देते. खेळाडूचे वय ३० पूर्ण झालेले असावे आणि तो स्पर्धेतून निवृत्त झालेला असावा. २०१८ च्या सुधारणेप्रमाणे आशियाई सुवर्णपदकाला महिना १४,००० रुपये ठरले. पण हे पदकवाल्यांसाठीच. ऑलिंपिकमध्ये १३ वा आलेल्यास त्या क्रमांकावर काही मिळत नाही. राष्ट्रीय पातळीवर दहा वर्षे खेळून गुडघे झिजविलेल्यास तर नाहीच. रिओला दत्तू एकटा होता, तेथला विक्रम कागदावर राहिला. म्हातारपणी हाताशी येईल अशी पुंजी त्या चौघांच्या नावेने दिली.

शेवटी गावाच्या आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती. पदक आले की आपण जीप सजवतो, गुलाल उधळतो, शाल-श्रीफळ देतो. हे जरूर करावे. पण तालुक्यातील जे खेळाडू पस्तिशी-चाळिशीत आहेत, जे एके काळी जिल्ह्यासाठी, विद्यापीठासाठी खेळले आणि आज शेतावर, दुकानात किंवा रिकामे आहेत, त्यांची एक यादी करावी. त्यांना शाळेच्या मैदानावर आठवड्यातून दोन दिवस बोलवावे आणि त्याचे मानधन वर्गणीतून द्यावे. नव्या पोरांना पायाची ठेवण, श्वासाची लय, दुखापत झाल्यावर कधी थांबायचे, हे पुस्तकातून येत नाही. ते ज्याने सोसले, त्याच्याकडूनच येते.

यंदा आपल्या मंडळाच्या सत्काराच्या यादीत नव्या पदकवाल्यांबरोबर एक नाव जुन्या खेळाडूचेही घाला. आणि सत्काराच्या दिवशी त्याला एवढेच विचारा, ‘भाऊ, सध्या काय चालले आहे?’ उत्तर ऐकून मंडळाने पुढचे काम ठरवावे.